पिछाडीवर असताना : वाचकांचे प्रश्न

सामन्यात मागे पडल्यावर खेळाडूच्या आणि संघाच्या बाबतीत नेमके काय घडते, या विषयावर मागील अंकात पत्रे मागवली होती. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी मनापासून लिहिले, याबद्दल सर्वांचे आभार. बहुतेक पत्रांत ‘आमची जिद्द कमी पडते’ अशी तक्रार आहे. इतकी वर्षे मैदानाच्या कडेला उभे राहून माझे मत मात्र असे झाले आहे की, जिद्द खचण्याच्या कितीतरी आधी ‘आता पुढे काय करायचे’ या प्रश्नाचे उत्तर संपलेले असते, आणि हे उत्तर सामन्यात सुचत नाही. ते सरावातच तयार करून ठेवावे लागते. निवडक पत्रांना उत्तरे देताना हाच धागा धरला आहे.

प्रश्न : आमच्या वाडीचा कबड्डी संघ भातकापणीनंतर होणाऱ्या प्रकाशझोतातील स्पर्धांत उतरतो. सुरुवात बरी होते, परंतु मध्यंतराला आठ-दहा गुणांची पिछाडी असली की उत्तरार्धात आमची वाताहत होते. जो-तो एकट्याने सामना ओढून आणायला धावतो. उपाय काय? — एक चढाईपटू, रोहा

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटच्या वाक्यातच निदान आलेले आहे. दहा गुणांची पिछाडी दिसली की खेळाडूच्या मनात ते दहाही गुण एकदमच उभे राहतात आणि ते एकाच चढाईत मिळवण्याच्या नादात तो निदान रेषा (मध्यरेषेपुढची पहिली रेषा) ओलांडून थेट कोपरारक्षकाच्या हाती सापडतो. म्हणून सर्वप्रथम हिशेब मांडायला शिकावे. पुरुषांच्या सामन्याचा उत्तरार्ध वीस मिनिटांचा असतो आणि एका चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात. म्हणजे प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तरी दोन्ही संघांना मिळून चाळीसच्या आसपास, आपल्या वाट्याला वीसच्या आसपास चढाया येतात. तितक्याच वेळा आपल्याला पकडीची संधी मिळते. आपली एक चढाई आणि त्यांची एक चढाई अशी जोडी धरली, तर दर दोन जोड्यांमागे समोरच्यापेक्षा एकच गुण जास्त मिळवला तरी दहा गुणांची पिछाडी भरून निघते. स्थानिक स्पर्धांत वेळ पुष्कळदा कमी ठेवलेला असतो, तेव्हा हा हिशेब त्या-त्या वेळेप्रमाणे कर्णधाराने मध्यंतरातच करून सांगावा. आकडा ऐकला की खेळाडूचा श्वास जागेवर येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट नियमांची. मागे पडलेल्या संघाला नियमांनीच काही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. परंतु दडपणाखाली त्यांचा विसर पडतो. आपले पाच किंवा त्याहून कमी गडी उरले की समोरच्या चढाईपटूला बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा गुण) मिळत नाही, म्हणजे त्याचा सर्वांत स्वस्त गुण बंद होतो आणि त्याला गडी टिपण्यासाठी आत यावेच लागते. तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेली पकड ‘अव्वल पकड’ ठरते आणि तिचे दोन गुण मिळतात. शिवाय बाद झालेला एक गडी परत येतो. तीन गडी उरल्यावर आपला संघ बहुधा मनाने लोण (सगळे गडी बाद होणे) स्वीकारून मोकळा होत असावा. त्याऐवजी तिघांनी कोणत्या बाजूला उभे राहायचे, पहिला हात कोणी घालायचा आणि साखळी (एकमेकांचे हात धरून केलेला बचाव) कोणाची, हे आधीच ठरलेले असेल, तर तीच जागा सामन्यात परत येण्याची ठरते. लोण टळला की त्याचे दोन जादा गुणही टळतात. ही बचत गुणफलकावर दिसत नसली तरी ती कमाईच आहे.

तिसऱ्या चढाईचा नियम जेथे लागू असेल, तेथे आणखी एक संधी असते. आघाडीवरचा संघ उत्तरार्धात वेळ काढू लागतो, त्याचे चढाईपटू मध्यरेषेजवळ घुटमळून रिकाम्या हातांनी परततात. अशा दोन चढाया सलग रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. याचा अर्थ, समोरचा माणूस नेमका केव्हा खोल येणार हे आपल्याला आधीच कळलेले असते. त्या चढाईची वाट पाहणारा बचाव आणि प्रत्येक चढाईवर झडप घालणारा बचाव यांत फार अंतर आहे.

अहमदाबादला 2016 मध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय संघ मध्यंतराला इराणच्या मागे होता : 13 विरुद्ध 18. सामना संपला तेव्हा भारताचे 38 आणि इराणचे 29 गुण होते, म्हणजे उत्तरार्धात भारताने 25 गुण मिळवले आणि अवघे 11 दिले. अजय ठाकूरच्या चढायांचे त्या विजयात कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु वीस मिनिटांत इराणला अकरा गुणांवर रोखणे हे बचावाचेही काम होते, याकडे नव्या खेळाडूंचे लक्ष जात नाही. पुढे 2018 च्या आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याच इराणने भारताला 27–18 असे हरवले. तोलामोलाचा प्रतिस्पर्धी असेल तर पिछाडी प्रत्येक वेळी भरून निघत नाही, हेही मनाशी स्वीकारलेले बरे.

सरावासाठी एकच सुचवतो. आपसांतला सराव सामना कधीही शून्यापासून सुरू करू नये. फळ्यावर 12–20 लिहावे, उरलेला वेळ दहा मिनिटे धरावा, मैदानावर आपले चारच गडी ठेवावेत आणि तेथून खेळ सुरू करावा. संघातील प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी खेळवावे, कारण आघाडी टिकवताना माणूस काय चुका करतो हे स्वतः अनुभवल्याशिवाय त्या चुका हेरता येत नाहीत. आणि मैदानावर बोलणारा माणूस एकच असावा. सातही जण एकमेकांना सूचना देऊ लागले की पंचांशी हुज्जत घालणाराही त्यांतूनच एक निघतो.

प्रश्न : मी समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धेत भाग घेते. सुरुवातीच्या गर्दीत मी मागे पडते आणि पुढच्यांच्या टोप्या दिसेनाशा झाल्या की माझे हात जड होतात. पोहणे सोडावेसे वाटते. काय करू? — नववीतील विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : तुझे पत्र वाचून फार बरे वाटले, कारण ज्या गोष्टीची मोठ्या जलतरणपटूंनाही भीती वाटते ती तू स्पष्ट शब्दांत लिहिली आहेस. पहिली गोष्ट लक्षात ठेव : पाण्याच्या पातळीवर डोळे असताना समुद्रात अंतराचा अंदाज येत नाही. एक मध्यम लाट आड आली तरी वीस-पंचवीस मीटरवरची टोपी दिसत नाही. त्यामुळे टोप्या दिसत नाहीत याचा अर्थ तू फार मागे पडलीस असा होत नाही, आणि ‘मी शेवटची आहे’ असे मनात आले तरी ते पारखायला त्या वेळी तुझ्याजवळ काहीच साधन नसते. जे पारखता येत नाही त्यावर हात थांबवायचे नाहीत. टोप्या शोधण्याऐवजी तरंगती खूण किंवा किनाऱ्यावरची एखादी उंच, ठळक वस्तू शोध. ठरावीक हात मारून झाले की डोके किंचित वर काढून दिशा पाहायची आणि पुन्हा मोजणी सुरू करायची. किती हातांनंतर पाहायचे ते तुझ्या प्रशिक्षकांबरोबर सरावात ठरव. दिशा चुकलेला वेगवान जलतरणपटू सरळ पोहणाऱ्या मंद जलतरणपटूपेक्षा जास्त अंतर कापतो, हे मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धा पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

दुसरे असे की, लांब पल्ल्याच्या पोहण्यात मागे असणे ही पुष्कळदा ठरवून घेतलेली जागा असते. पुढच्याच्या पायांच्या अगदी मागे किंवा त्याच्या कमरेच्या बाजूला राहून पोहले की पाण्याचा विरोध कमी होतो आणि शक्ती वाचते. खुल्या पाण्यातल्या स्पर्धेत हे नियमाला धरूनच आहे. बीजिंगच्या 2008 च्या ऑलिंपिकमध्ये दहा किलोमीटरची ही शर्यत प्रथमच घेतली गेली. नेदरलँड्सचा मार्टेन व्हान डर वाईडेन बराच वेळ घोळक्यातच राहिला, ब्रिटनचा डेव्हिड डेव्हिस पुढे होता, आणि शेवटच्या टप्प्यात व्हान डर वाईडेनने त्याला मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. काही वर्षांपूर्वी हाच खेळाडू रक्ताच्या कर्करोगातून उठलेला होता. ती शर्यत संथ पाण्याच्या कृत्रिम मार्गावर झाली होती, आपल्यासारख्या समुद्रात नव्हे. तरी शक्ती राखून मागे राहण्याचा तिचा धडा तुला उपयोगी पडेल. सुरुवातीच्या गर्दीत लाथा-बुक्क्या खाऊन पहिल्या रांगेत घुसण्यापेक्षा थोडे बाजूने निघ आणि तुझ्याहून किंचित वेगवान अशी एकजण शोधून तिच्या पायांमागे लाग.

भरती-ओहोटीचा अभ्यासही कर. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओढ जोराची असते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत ती कमी असते. ओढ विरुद्ध असताना सगळेच मंदावतात. ज्याला हे माहीत नसते त्याला वाटते की आपणच दमलो. घरात किंवा शेजारी कोणी मासेमारीला जात असेल, तर स्पर्धेच्या दिवशी पाणी कोणत्या बाजूला वाहील हे त्यांना विचारून घे. आणि एक गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. पायात गोळा आला, थंडी वाजून दात वाजू लागले किंवा नाका-तोंडात पाणी जाऊन श्वास सापडेनासा झाला, तर हात वर करून होडीला बोलवायचे. समुद्रात थांबण्याला हार म्हणत नाहीत.

प्रश्न : मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि खो-खोचा संघ घडवतो. संघ मागे असला की मी ओरडून मुलांना पेटवतो. सहकारी म्हणतात, याने मुले घाबरतात. कोणाचे खरे? — एक क्रीडाशिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, आपल्या आवाजाची तळमळ मुलांना कळतच असेल, प्रश्न आहे तो त्या आवाजातून त्यांच्या हाती काय पडते याचा. ‘जोर लावा’, ‘पेटून उठा’ ही वाक्ये ऐकून मुलगा काय बदलणार? तो जोर लावतच असतो. खो-खोमध्ये तर नुसत्या जोराचे उलटे फळ मिळते. आक्रमणाच्या शेवटच्या पाळीत चार गुणांची गरज असली की बसलेला गडी खो मिळण्यापूर्वीच उठतो, पंच नियमभंग देतात, आक्रमकाला उलट दिशेला वळावे लागते, आणि हाताशी आलेला संरक्षक निसटून पुन्हा सावरतो. घाईने वाचवलेले दोन क्षण अशा एका नियमभंगात दहापटीने जातात. म्हणून आपण जे ओरडाल ते कृतीचे वाक्य असावे आणि एका वेळी एकच असावे : ‘खो कानावर येऊ दे, मग ऊठ’ किंवा ‘खांबाकडे लोट’. ज्या मुलाला सांगायचे त्याचे नाव घेऊन सांगावे. सर्वांना उद्देशून केलेला आरडाओरडा कोणालाच आपला वाटत नाही.

पेटवण्याविषयी एक माहिती देतो. अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी 2011 मध्ये बास्केटबॉलच्या 18,000 हून अधिक व्यावसायिक सामन्यांची छाननी करून असे मांडले होते की, मध्यंतराला एका गुणाने मागे असलेले संघ अपेक्षेपेक्षा थोडे जास्त वेळा जिंकतात, कारण थोडक्या पिछाडीने ईर्षा वाढते. ही गोष्ट प्रशिक्षकांच्या शिबिरांत आवडीने सांगितली जाते. परंतु पुढे इतर अभ्यासकांनी निरनिराळ्या खेळांच्या मोठ्या आकडेवारीवर हेच तपासले, तेव्हा असा परिणाम त्यांना दिसून आला नाही. तेव्हा ‘मागे पडलो ते बरेच झाले, आता पोरे पेटतील’ या भरवशावर राहू नये.

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण पटलेले नाही. मुले आवाजाला घाबरत नाहीत, ती अपमानाला घाबरतात. मोठ्या आवाजात दिलेली नेमकी सूचना ती आनंदाने घेतात, आणि हळू आवाजात केलेला पाणउतारा वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

प्रश्न : कॅरमच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे 22 गुण झाले आणि माझे बारा-तेरा असले की मी तो गेम मनातून सोडून देतो. हे चूक आहे का? — एक कॅरमपटू, रत्नागिरी

उत्तर : चूकच आहे, आणि कारण नियमांतच आहे. गेम 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, म्हणजे पटावरच्या आठ डावांचा, असतो. प्रतिस्पर्ध्याचे 22 गुण झाल्यावर त्याला राणीचे तीन गुण मिळत नाहीत. आपल्याला मात्र ते मिळतात. एका बोर्डात समोरच्याच्या पटावर उरलेल्या नऊ सोंगट्या आणि राणी मिळून जास्तीत जास्त बारा गुण होतात, म्हणजे तेरावर असलेला खेळाडू तत्त्वतः एका बोर्डात गेम संपवू शकतो. तसे क्वचित घडते, हे मान्य. परंतु बोर्ड आपल्या हातून निसटताना दिसत असला तरी खेळण्यासारखे एक काम उरतेच : आपल्या सोंगट्या दोनवर आणणे. समोरच्याला तीन गुण हवे आहेत आणि पटावर आपल्या दोनच सोंगट्या उरल्या, तर तो 24 वर थांबतो आणि तो आठवा बोर्ड नसेल तर आपल्याला आणखी एक बोर्ड मिळतो. मनातून गेम सोडलेला खेळाडू नेमके हेच काम करत नाही. तो राणीच्या मागे लागतो आणि पाच सोंगट्या पटावर ठेवून उठतो.

नेमबाजीचा खेळ याच स्वभावाचा आहे. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे पन्नास मीटर रायफल तीन प्रकारांच्या अंतिम फेरीत सातव्या क्रमांकाने आला होता. गुडघ्यावर बसून नेमबाजी झाली तेव्हा तो सहावा होता, पालथे झोपून झाल्यावर पाचवा, आणि उभ्याने नेमबाजी करताना वर सरकत 451.4 गुणांसह त्याने कांस्यपदक घेतले. त्या फेरीत समोरच्याला अडवण्याचा कोणताही मार्ग नसतो. आपली पुढची गोळी, एवढेच हातात असते. आपल्या खेळात तर समोरच्याला अडवताही येते.

प्रश्न : माझ्या मुलाचा घोटा सामन्यात मुरगळला. संघ मागे होता म्हणून तो तसाच खेळला आणि गावाने त्याचे फार कौतुक केले. मला मात्र हे आवडले नाही. मी भित्री आहे का? — एक आई, सावंतवाडी

उत्तर : ताई, आपण भित्र्या नाही, त्या मैदानावर जो विचार इतर कोणी करायला हवा होता तो आपण केलात. मुरगळलेल्या घोट्यातील अस्थिबंध ताणले किंवा फाटलेले असतात. त्यावर पुन्हा भार देऊन उड्या मारल्या तर इजा वाढते, आणि पुरेसे बरे होण्याआधी खेळल्यास तोच घोटा वारंवार मुरगळू लागतो. कबड्डी संघात मैदानावर सात आणि बाहेर पाच राखीव गडी असू शकतात, ते याचसाठी. जखमी मुलाला उतरवून आठवा माणूस आत पाठवणे हाही पिछाडी भरून काढण्याचाच एक भाग आहे, कारण एका पायावरचा कोपरारक्षक संघाला गुण मिळवून देत नाही, गमावतो. डोक्याला मार लागून क्षणभर भोवळ आली, उलटी झाली किंवा मुलगा गुणसंख्या विसरला, तर त्याला त्या दिवशी परत खेळवूच नये आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. तो कितीही ‘मला काही झाले नाही’ म्हणाला तरी. गावाचे कौतुक प्रेमापोटी असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु पुढील स्पर्धेपूर्वी आपण संघाच्या प्रशिक्षकांना भेटून दुखापत झाल्यास निर्णय कोणाचा, हे स्पष्ट विचारावे. तो निर्णय खेळाडूवर सोपवलेला असेल तर ते बदलायला लावावे, कारण सोळा वर्षांचा मुलगा सर्वांसमोर ‘मला उतरवा’ असे कधीच म्हणणार नाही.

प्रश्न : शेवटची पाच मिनिटे उरली आहेत, पंधरा गुणांची पिछाडी आहे, सामना जाणार हे सर्वांना दिसते आहे. तरीही झुंजण्याचा व्यवहारात काही उपयोग असतो का? — निवृत्त कबड्डीपटू, अलिबाग

उत्तर : साखळी सामन्यांत निश्चितच असतो. दोन संघांचे विजय सारखे झाले की मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांचा फरक पाहिला जातो, आणि तेव्हा पंधराऐवजी सहा गुणांनी हरलेला संघ पुढील फेरीत जातो. प्रो कबड्डीच्या अनेक हंगामांत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला गुणतक्त्यात एक गुण दिला जात असे. त्यामुळे हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटातील एखाद्या बोनससाठीही प्रशिक्षक जिवाचे रान करत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत असा लाभ नसतो. तेथे मी त्या पाच मिनिटांत राखीव बसलेल्या तरुणांना आत पाठवतो आणि प्रत्येकाला एकेक काम देतो : एकाला फक्त बोनस, एकाला फक्त उजव्या कोपऱ्याची पहिली झेप. भरलेल्या मैदानात, खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर आणि पराभवाचे दडपण उतरलेले असताना मिळणारा असा सराव दुसरीकडे कोठेही मिळत नाही. आपण स्वतः इतकी वर्षे खेळलेले आहात. आपल्या गावच्या संघाला ही पाच मिनिटे कोणाला द्यायची याची यादी सामन्यापूर्वीच करून द्यावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे.